कॉटखालची शाई

या पानावर मुलांच्या परीक्षा, सासू-सुनेचे संबंध, घरखर्चाचा मेळ अशा विषयांवर आपण पुष्कळ वाचले आहे. आज मी एका मांजरीविषयी लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. २०२५ च्या जानेवारीपर्यंत मलाही तसाच वाटत होता.

त्याचे असे झाले. माझी थोरली मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षे तिचा एकच धोशा होता, घरात मांजर पाहिजे. तेही विकतचे नको; ज्याला कुणी नाही असेच आणायचे. तिला मैत्रिणीकडून कळले की, रस्त्यावर जखमी झालेली, टाकून दिलेली मांजरे काही माणसे आपल्या राहत्या घरात आणून सांभाळतात. औषधपाणी करतात, लस टोचतात, नसबंदी करून घेतात आणि कायमचे घर मिळाले की तिकडे पाठवतात. अशा तात्पुरत्या घराला फॉस्टर होम म्हणतात. मांजरीची किंमत घेत नाहीत, फार तर लसीचा खर्च मागतात.

एके ठिकाणी फोन केला. पलीकडून विचारले, घर केवढे? मी खरे ते सांगितले. विक्रोळीला कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारतीत एकशे ऐंशी फुटांची खोली आणि माणसे पाच. पलीकडे जरा वेळ शांतता. मग "आम्ही कळवतो." ते कळवणे आजतागायत आलेले नाही. आडनाव विचारल्यानंतर किंवा पत्ता सांगितल्यानंतर "कळवतो" म्हणणारी माणसे मी नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ पाहिली आहेत. परंतु मांजरीसाठीही ते ऐकावे लागेल असे वाटले नव्हते. मुलगी हिरमुसली. मी तिला म्हटले, सोडून दे.

तिने सोडले नाही. ठाण्याला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा पत्ता तिने मिळवला. त्यांना आपण बाई म्हणू. बाईंच्या दोन खोल्यांत सहा मांजरे होती. त्यांनीही तेच प्रश्न विचारले. घर केवढे, माणसे किती, खिडक्यांना जाळी आहे का, घरात कुणाला दम्याचा त्रास आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार. मी जरा घुश्शातच म्हणालो, "बाई, आमची एकच खोली आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

बाई हसल्या. म्हणाल्या, "उलट बरं आहे. भित्र्या मांजरीला मोठं घर दिलं की ती त्यात हरवते. आम्ही बंगलेवाल्यांनासुद्धा सांगतो की सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा. तुमच्याकडे तर दुसरी खोलीच नाही. जाळी मात्र लावा."

माझा राग तिथेच उतरला. जाळीचा प्रश्न गरिबी तपासण्यासाठी नव्हता. वरच्या मजल्यावरून मांजरे पडतात, म्हणून तो होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पुढच्या रविवारी खिडकीला आणि गॅलरीला प्लास्टिकची जाळी आतून तारेने बांधून घेतली.

काळी मांजर

२६ जानेवारीला, झेंडावंदन उरकून, आम्ही बापलेक ठाण्याला गेलो. देण्याजोगी दोन मांजरे होती. एक तपकिरी पट्ट्यांचा बोका, पायात घोटाळणारा, मांडीवर येऊन बसणारा. दुसरी कपाटामागे होती. बाईंनी बॅटरीचा प्रकाश भिंतीवर टाकला तेव्हा अंधारात फक्त दोन डोळे दिसले. संपूर्ण काळी, दीड वर्षाची मादी. पुनर्विकासासाठी पाडलेल्या एका इमारतीच्या ढिगाऱ्यात चार महिन्यांची असताना सापडलेली. बाईंकडे ती वर्षाहून अधिक काळ होती आणि या काळात तिला एकाही घराने मागितले नव्हते. बाई म्हणाल्या, काळ्या मांजरीला मुळात मागणी कमी. त्यात ही कुणाजवळ येत नाही.

आपल्याकडे काळी मांजर आडवी गेली की रस्ता बदलणारे सुशिक्षित अजून कमी नाहीत. माझ्या कार्यालयातही आहेत, पदवीधर आहेत. असो.

मुलीने कपाटाकडे बोट दाखवले. मी तिला बाजूला घेऊन समजावले की, तो बोका घे, खेळेल तरी तुझ्याशी. ती म्हणाली, "पप्पा, त्याला कुणीही नेईल."

बाईंनी करारनामा पुढे केला. मांजर गच्चीत किंवा जिन्यात सोडणार नाही, दरवर्षी लस टोचू, दुसऱ्या कुणाला परस्पर देणार नाही, आणि सांभाळणे जमले नाही तर बाहेर न सोडता परत बाईंकडेच आणून देऊ. नसबंदी आधीच झालेली होती. कानाचे टोक किंचित कापलेले होते, ती त्याचीच खूण. याचे महत्त्व मला नंतर समजले. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा विते. पिल्ले गटारात मरतात त्याचे हे मूळ आहे. पाळीव जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही त्या कागदात होते. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे आपल्या संविधानाचे कलम ५१-क सांगते. (आपले काही वक्ते हे कलम मूळ संविधानातले म्हणून सांगतात. ते १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. चूक भाषणात जाऊ नये म्हणून येथे लिहिले.)

निघताना बाईंनी तिच्या अंगाखालचा चादरीचा तुकडा धुतलेला नसताना तसाच दिला. म्हणाल्या, नव्या घरात हा एकच वास तिच्या ओळखीचा असेल. पिंजऱ्यावर कापड टाकून रिक्षाने घरी आलो. काळेपणावरून मुलीने तिचे नाव शाई ठेवले.

वहीतल्या नोंदी

मी पडलो कारकून. महिन्याचा हिशेब जसा लिहितो तशी या मांजरीचीही वही घातली. त्यातल्या पहिल्या दिवसांच्या नोंदी अशा आहेत. पहिला दिवस : पिंजऱ्यातून निघून सरळ लोखंडी कॉटखाली. दुसरा दिवस : तिथेच, अन्न तसेच. तिसरा दिवस : तिथेच. रात्री दोनच्या सुमारास वाटीचा आवाज, सकाळी वाटी रिकामी, पेटीतल्या वाळूत लघवी. त्या सकाळी आमच्या घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. मांजर दोन-तीन दिवस अजिबात खाल्ल्याशिवाय राहिली तर तिच्या यकृताला धोका होतो, तेव्हा दवाखाना गाठायचा असे बाईंनी बजावले होते. आम्ही घड्याळ लावून बसलो होतो.

कॉटखाली पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवले होते, आत तो चादरीचा तुकडा. ती त्यातच राहायची. मला वाटे, लपायला जागा दिली म्हणूनच ती बाहेर येत नाही, खोके काढून टाकावे. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मुळीच नाही. २०१४ साली नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी आश्रयगृहात नव्याने आलेल्या एकोणीस मांजरांवर हेच पाहिले होते. काहींना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. ज्यांना खोके मिळाले त्यांची भीती पहिल्या काही दिवसांत लवकर ओसरली. लपायला हक्काची जागा असली म्हणजेच बाहेर यायचा धीर होतो.

पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान माणसाच्या हातात खेळले, तर ते माणसाळते. त्या वयात माणूस दिसलाच नाही तर पुढे सर्व काही संथपणे होते, होत नाही असे नाही. शाई सापडली तेव्हा तो काळ केव्हाच मागे पडला होता. बाईंचा ठोकताळा असा : तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे अंदाज घेण्याचे, तीन महिने रुळण्याचे. आणि शाईच्या बाबतीत त्याची दुप्पट धरा, असे त्या म्हणाल्या.

भगिनींनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आमच्याकडे फरशी फिनेलने पुसली जात असे. फिनेलसारखी जंतुनाशके मांजरीला विषारी असतात. ती पंजे चाटते, ते पोटात जाते. आम्ही साबणाच्या पाण्यावर आलो. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नये, अर्ध्या गोळीनेही ती मरू शकते. कांदा-लसूण घातलेले कालवण नको. दूध म्हणजे मांजरीचे अन्न ही आपली समजूतच आहे. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही, जुलाब होतात. घरात कुणी गरोदर असेल तर मांजर काढून टाकण्याची गरज नाही, मात्र वाळूची पेटी दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करावी.

खर्चाचे म्हणाल तर मासळीबाजारातून मांदेली किंवा स्वस्त मिळेल ती मासळी, मीठ-हळद न घालता उकडून, काटे काढून. निम्मे जेवण ते आणि निम्मे दुकानातले कोरडे खाद्य. वाळू चाळून घेतली तर बांधकामाचीही चालते. महिन्याला हजार रुपयांच्या आत बसते. मी चहा-पानाचा खर्च त्या मानाने कमी केला आहे, पत्नीने तो वहीत तपासला आहे.

परत द्यायचे ठरले

दोन आठवडे झाले. शाई दिवसा खोक्यात, रात्री सगळे झोपल्यावर बाहेर. धाकट्या मुलाने तिला अजून नीट पाहिलेही नव्हते. ९ फेब्रुवारीला रविवारी बहिणीचा मुलगा आला. वय वर्षे नऊ. आम्ही जेवणाच्या गडबडीत असताना त्याने कॉटखाली हात घातला आणि तिला पायाला धरून ओढले. तिने हाताला कडकडून चावा घेतला, मनगटावर ओरखडे काढले आणि ती मोरीच्या वरच्या पोटमाळ्यावर गेली ती दोन दिवस तिथेच.

पोराचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतला आणि तसेच पालिकेच्या रुग्णालयात नेले. मांजरीला रेबीजची लस टोचलेली होती, तरी डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. ते बरोबरच होते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही, त्यामुळे हळद किंवा चुना लावून घरी बसणे हा वेडेपणा आहे. ठरलेल्या प्रत्येक तारखेला मी स्वतः भाच्याला घेऊन गेलो.

बहीण रडली, चिडली. "दादा, तुला माणसांपेक्षा मांजर मोठं झालं का?" शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, काळं जनावर घरात आणलं की असंच व्हायचं. त्याला मी किंमत दिली नाही. बहिणीच्या बोलण्याला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. ११ तारखेच्या रात्री मी आणि पत्नीने ठरवले की, येत्या रविवारी शाईला बाईंकडे पोहोचवायचे. करारनाम्यात तशी सोय होतीच. मुलगी एक शब्दही बोलली नाही. पाठ करून झोपली.

आईला मांजर पहिल्यापासूनच नको होती. "आपलंच आपल्याला पुरंना, त्यात ही कशाला?" असे तिचे म्हणणे. आईचे वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, दिवसभर कॉटच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसते. अंधारात तिचा आवाज आला.

"आरं, लगीन हून म्या हितं आली तवा चौदा वर्साची हुती. गावची पोर, मुंबईचा कल्ला. महिना-दीड महिना मोरीच्या कोपऱ्यात बसायची. तुझा बा म्हनायचा, मुकी केली का काय. तुझी आजी काय म्हनाली ठावं हाय? म्हनाली, तिच्यावर कुनी डोळा धरू नका. भाकर ठिवा आन् आपल्या कामाला लागा." मग थोड्या वेळाने, "ऱ्हाऊ द्या तिला."

आई मोरीत बसायची हे मला ठाऊक नव्हते. एवढ्या वर्षांत तिने कधी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

रविवारी शाईला नेले नाही. बहिणीला जाऊन भेटलो, चूक आमची हे कबूल केले. पाहुण्या मुलांना आधी समजावून सांगणे हे मोठ्यांचे काम होते, ते आम्ही केले नव्हते.

आजीचा उपाय

त्या दिवसापासून घरात कुणी कॉटखाली वाकून पाहायचे नाही असा नियम केला. तिच्याकडे टक लावून बघायचे नाही. मांजरीच्या जगात एकटक पाहणे म्हणजे दमदाटी. नजर पडलीच तर डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. हा बाईंनी सांगितलेला प्रकार मला पोरकट वाटला होता, पण २०२० साली इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला आहे. माणसाने असे डोळे मिटले तर मांजरही तसेच करते, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ येण्याची शक्यताही वाढते. आमचा धाकटा सातवीत आहे. तो अभ्यास करता करता कॉटकडे तोंड करून डोळे मिटत बसायचा. एकदा मी त्याला झोपतोस काय म्हणून रागावलो, तर म्हणाला, "पप्पा, मी तिच्याशी बोलतोय."

जेवण रोज ठरल्या वेळी, सकाळी सात आणि रात्री नऊ. वाटी आधी खोक्याच्या तोंडाशी, मग दर दोन दिवसांनी वीतभर पुढे. मुलगी जमिनीवर बसून पुस्तक मोठ्याने वाचायची. तिचा आवाज कानांना सवयीचा व्हावा, एवढाच हेतू. अकरावीचे अर्थशास्त्र शाईने आमच्या सर्वांपेक्षा जास्त ऐकले असेल.

शनिवार, १ मार्च, पस्तिसावा दिवस. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पत्नी ओट्यापाशी होती, तिने पाहिलेले असे : शाई खोक्यातून निघाली, भरदिवसा, भिंतीच्या कडेने आली आणि आईच्या पाठीमागे, तिच्या लुगड्याला टेकून बसली. आईने मान वळवली नाही. खडे वेचत राहिली. तांदूळ निवडून संपले तेव्हा तिने तेच तांदूळ पुन्हा सुपात घेतले आणि दुसऱ्यांदा निवडायला बसली. सगळ्या घरात मांजर नको म्हणणारी ती एकटी होती, आणि मांजर गेली ती तिच्याकडेच. विचार केला तर त्यात नवल नाही. दिवसभर एका जागी बसणारे, न ओरडणारे, न बघणारे माणूस घरात तेवढे एकच होते.

मार्चअखेरपर्यंत ती जेवताना समोर बसू लागली. मुलीच्या हातून माशाचा तुकडा घेऊ लागली. मग एप्रिल आला. वाचकहो, हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण मी स्वतः जयंती उत्सव समितीवर आहे. १४ एप्रिलला आमच्या इमारतीखाली भोंग्यांची भिंत उभी राहिली. काचा थरथरत होत्या, आईने कानात कापूस घातला होता. शाई तर आदल्या रात्रीच खोक्यात शिरली होती, ती चार दिवस बाहेर आली नाही आणि पुन्हा हातून खायला तिला तीन आठवडे लागले. मी दरवर्षी पावत्या फाडतो, मिरवणुकीत पुढे असतो. आवाजाबद्दल मी आजवर कधी तोंड उघडले नव्हते. मे महिन्याच्या हिशेबाच्या बैठकीत विषय काढला. "साहेब, मांजरीसाठी जयंती बंद करायची का?" असा टोमणा मिळाला, सगळे हसले. मी म्हटले, जयंती नाही, भोंग्यांची तोंडे. आजारी माणसांची, तान्ह्या मुलांची यादीच इमारतवार सांगितली. भोंगे इमारतींकडे नव्हे, मैदानाकडे तोंड करून लावावेत एवढे मान्य झाले आहे. इतिवृत्तात नोंद मी माझ्या हाताने केली आहे.

लसीसाठी जूनमध्ये तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेचे ते जुने इस्पितळ गिरणगावातल्या लोकांना याच नावाने ठाऊक आहे. पिंजऱ्यात घालताना तिला पकडले नाही. आठ दिवस आधीपासून पिंजरा कॉटजवळ उघडा ठेवून त्यात तो चादरीचा तुकडा आणि मासळी ठेवत गेलो, ती आपण होऊन आत गेली.

ऑगस्टमध्ये आई आठ दिवस गावी गेली होती. शाई दोन दिवस तिच्या बसायच्या जागेजवळ घुटमळली, निम्मेच खाल्ले. मला काळजी लागली. तिसऱ्या रात्री पावसाचा जोर होता, वीज गेलेली. मी जमिनीवर चटईवर झोपलो होतो. पायाला काहीतरी ऊबदार लागले. आधी वाटले पांघरूण. मग ते घरघरायला लागले. सात महिन्यांत तिने मला अंगाला हात लावू दिलेला नव्हता.

पहाटे साडेपाचला नळाला पाणी येते आणि हंडे भरणे हे माझे काम आहे. पत्नी उठून म्हणाली, "अहो, पाणी जाईल." मी तिला खुणेने पायाकडे दाखवले. तिने कंदील वर करून पाहिले, आणि मग हंडे तिनेच भरले.